गुरुवारचे डॉक्टर

माझा पाय का दुखतोय हे मला सोडून बाकी सगळ्यांना समजलेलं होतं. काकू म्हणाली, आंबेहळद लाव. शेजारच्या गंगव्वा अक्कांनी एरंडेल तेलाची बाटलीच आणून दिली आणि रात्री मोजा घालून झोप म्हणाल्या. माझे कोच नागराज सर म्हणाले, स्वल्प दुखणारच, पळणाऱ्याचा पाय आहे, देवघरात ठेवायचा नाहीये. मत द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? पाय माझा होता आणि त्यावर उभी मी राहत होते.

मी गौरी, निपाणीची. बारावी झाल्यावर काकांकडे बेंगळूरला आले ती पळायला. कॉलेज आपलं सोबतीला. पाच हजार मीटर पळते. एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या, जानेवारीत निवड चाचणी होती, आणि माझी वेळ त्यांच्या वेळेत बसत होती. सर उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत, पण ते स्वतः म्हणाले होते की तू यात आहेस. नोकरी लागली तर पळणं चालू. नाही लागली तर निपाणी, आणि निपाणीला आई दोन स्थळं बाजूला काढून बसलेली. म्हणजे माझं सगळं त्या जानेवारीवर होतं.

आणि दसऱ्याच्या सुमारास पाय दुखायला लागला. मी पडले नव्हते, पाय मुरगळला नव्हता, खड्ड्यात गेला नव्हता. पायाच्या वरच्या बाजूला, बुटाची नाडी बांधतो तिथे, रुपयाच्या नाण्याएवढी एक जागा होती. पळायला लागलं की दुखायची. एक दिवस विश्रांती घेतली की गप्प बसायची, मला वाटायचं गेलं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर उतरले की पुन्हा हजर.

आता आमच्या घराचा कायदा सांगते. माझे काका दयानंद, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. सरकारी कारखान्यात फोरमन आहेत. राजाजीनगरातल्या आमच्या घरात कुणाचंही हाड, सांधा, कंबर, मान, काहीही दुखलं की गुरुवारची वाट बघायची आणि बसवनगुडीला भगवंतराव डॉक्टरांकडे जायचं. भगवंतराव हाडांचे डॉक्टर. हॉस्पिटलातून निवृत्त होऊन जमाना झाला, ऐंशी कधीच ओलांडली, तरी गुरुवारी संध्याकाळी राहत्या घरी आपल्या लोकांना बघतात. आपले लोक म्हणजे इथले मराठी. निपाणी-संकेश्वरकडचे आमच्यासारखे, आणि पुण्याकडून मोठ्या संस्थांत नोकरीला आलेले. सगळे त्यांच्या व्हरांड्यात चपला काढून बसलेले असतात. डॉक्टर फी घेत नाहीत. नुसतं विचारलं तरी रागावतात.

घोळ तिथेच आहे. फी देणाऱ्या माणसाला डॉक्टर बदलता येतो. जो फुकट बघतो, वर घरी आलात म्हणून हातावर पेढा ठेवतो, त्याला सोडून दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने जायचं? आमच्यात तर कुणी गेलेलं नाही. कुणी गेलंच असेल तर त्याने सांगितलेलं नाही.

त्यात अण्णांचं वेगळंच. कारखान्यात नवीन लागले तेव्हा त्यांचा उजवा हात यंत्रात सापडला होता. बोटं काढावी लागतील असं सगळे म्हणत होते. भगवंतरावांनी बोटं वाचवली, आणि बेंगळुरात ह्या पोराचं कुणी नाही हे कळल्यावर त्याला स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. डॉक्टरांच्या बायकोने त्यांना हाताने जेवू घातलं. अण्णा अजून जेवायला बसले की कधीतरी हात बघतात आणि म्हणतात, हा हात डॉक्टरांचा आहे. अशा माणसाशी काय वाद घालणार?

तर गेलो गुरुवारी. बोलायचं काम अण्णांचं. हिचा पाय पळताना मुरगळला, त्यांनी सांगून टाकलं. मी म्हटलं, मुरगळला नाही. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी देवळात शिट्टी वाजवली. डॉक्टरआजोबांनी समोरच्या स्टुलावर बसून माझा पाय उचलला आणि स्वतःच्या मांडीवर घेतला. मी अवघडूनच गेले. ज्यांच्या पाया पडून आत आले, त्यांच्या मांडीवर माझा पाय. घामट, काळवंडलेल्या नखांचा. अशा वेळी दुखलं तरी ओरडायचं कसं? त्यांनी घोटा चाचपला, पाय गोल फिरवला, आणि म्हणाले, शिरेला मार आहे. पट्टी बांध, मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बस. पळायचं का, तर पळ, हळू पळ. लोळत पडलीस तर पाय आखडेल. मी बोटाने ती जागा दाखवायला गेले, तेवढ्यात अण्णा उठलेसुद्धा. बाहेर माणसं खोळंबली होती.

दुखणं थांबेना म्हणून पुढच्या गुरुवारी एक्स-रे काढून घेऊन गेलो. आजोबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, खाली घेतला, आणि हाड लखलखीत आहे म्हणाले. अण्णा खूश. येताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली तर अण्णा म्हणाले, बघ, उगाच घाबरली होतीस.

मग मी हळू पळत राहिले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना. पण हळू पळूनही दुखायचं, आणि दिवाळीनंतर जिना उतरताना, बसमध्ये उभं राहताना, नुसतं चालतानाही दुखायला लागलं. निपाणीला बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, अण्णा सांगेल तसं कर, त्याच्या घरात राहतेस. हे बरं आहे. म्हणजे घर ज्याचं, पायही त्याचाच.

एका सोमवारी कॉलेज बुडवून मी एकटीच एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. खेळाडूंच्या दुखण्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे, तिथल्या डॉक्टर पद्मावतींकडे. तरुण बाई, बोलायला तुटक. त्यांनी आधी विचारलं किती पळतेस, कुठल्या बुटात, कधीपासून वाढवलंस, दुखणं कधी येतं, कधी जातं. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाल्या, एका बोटाने दाखव. मी दाखवलं. त्यांनी नेमका तिथेच अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उडाले. डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. कुणीतरी शेवटी त्या जागेवर बोट ठेवलं होतं.

त्यांनी कागदावर पायाचं चित्र काढून दाखवलं. पायाच्या कमानीच्या माथ्यावर होडीसारखं एक छोटं हाड असतं, पळणाऱ्यांचं ते ताणाने हळूहळू चिरतं, आणि एक्स-रेत ती चीर बहुतेक वेळा दिसतच नाही. खात्रीसाठी एमआरआय करायचा. तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही, पळणं तर बंदच. मी जानेवारीचं विचारलं. त्या म्हणाल्या, जानेवारी विसर, पण आत्ता पाय जपलास तर पुढचे सगळे जानेवारी तुझे आहेत. मला रडू आलं, तरी पटलं. एमआरआयची चिठ्ठी घेतली. तो करायचा तर अण्णांच्या कारखान्याच्या वैद्यकीय योजनेतून, म्हणजे अण्णांची सही हवी. घरी कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत लंगडत बाहेर आले.

वाक्यं जुळवायची गरजच पडली नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस हेमलताबाई त्याच हॉस्पिटलात रक्त तपासायला आल्या होत्या. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं, चौकशी केली, आणि मी घरी पोचायच्या आत त्यांचा फोन पोचला होता.

अण्णा ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते, मला येतं ते. ते जेवलेच नाहीत. काकू ताट वाढून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. सकाळी बूट घालता घालता अण्णा म्हणाले, "मला सांगायचं होतंस. डॉक्टरांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल?"

"आणि माझ्या पायाला काय वाटतंय, अण्णा?"

त्यांनी दुसरा बूट चढवला. मग हात पुढे करून त्यांनी चिठ्ठी मागितली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाले, गुरुवारी डॉक्टरांना दाखवू, ते हो म्हणाले तर करू. मला वाटलं, चला, निदान विचारतायत तरी. इतकी मूर्ख आशा माणसाला का लागते कुणास ठाऊक.

गुरुवारी अण्णांनी अगदी हलक्या आवाजात, सतरांदा माफी मागत, पोरगी लहान आहे, घाबरते वगैरे प्रस्तावना करून चिठ्ठी वाचून दाखवली. आजोबा हसले. वाईट नव्हतं ते हसणं, आणि हेच मला जास्त लागलं. म्हणाले, हल्ली पोरांना हाताने बघायला शिकवतच नाहीत, सगळं यंत्राला विचारतात. पुन्हा माझा पाय मांडीवर घेतला, पुन्हा घोटा दाबला. म्हणाले, सूज उतरलीय की. अण्णा लगेच म्हणाले, उतरलीय, डॉक्टर. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू पळशील, गौरी. मी सांगतो."

त्या हातावर विश्वास ठेवावासा वाटला मला, काय करू? एकीकडे जानेवारी विसर म्हणणारी परकी बाई, आणि दुसरीकडे माझ्या काकांची बोटं परत देणारा हा म्हातारा मला पळ म्हणत होता. सगळ्या घराचं मत एका बाजूला. सही मिळणार नव्हती. मी सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, अम्मा, घरच्यांच्या मध्ये मी पडू शकत नाही. सरी, ठीक आहे, म्हटलं. त्या रात्री न्हाणीघरात नळ सोडून मी खूप रडले. मग पट्टी बांधून पळत राहिले.

डिसेंबरात सरांनी हेब्बाळच्या तळ्याकडे सरावाची शर्यत लावली. थंडी होती, पाय सुरुवातीला बरा चालला होता. उतारावर जोर लावला आणि आतून आवाज आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा. मी पाऊल टाकायला गेले तर पाऊल खाली घेताच येईना. रस्त्याच्या कडेला बसले. पुढे गेलेल्या पोरींची पाठ दिसत होती. मी ओरडले नाही. मला कळलं होतं, आणि माझ्या कळण्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

सरांनी मला ऑटोत घालून त्याच हॉस्पिटलात नेलं. अण्णा कारखान्यातून धावत आले. ह्या वेळी त्यांनी सगळ्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. संध्याकाळी पद्मावती डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. होडीसारख्या हाडाचे सरळ दोन तुकडे झाले होते. ऑपरेशन करून स्क्रू बसवायचा, मग प्लास्टर, मग कुबड्या, मग बघू. मी विचारलं, पळता येईल? त्या म्हणाल्या, आधी चालायला लाग.

मग त्यांनी अण्णांना विचारलं, "मी तेव्हाच लिहून दिलं होतं. नुसतं प्लास्टर घालून पाय उचलून धरला असता तर बहुतेक जुळलं असतं. एमआरआय का नाही केला?"

कन्नडमध्ये विचारलं, दोघांनाही नीट समजलं. गुरुवारच्या डॉक्टरांचं वाईट वाटेल म्हणून, हे कुठल्या भाषेत सांगायचं?

ऑपरेशन झालं. घरी येताना टॅक्सीत अण्णा पहिलं वाक्य बोलले ते असं, की डॉक्टरांना एवढ्यात काही कळवायचं नाही. मला भयंकर संताप आला. पण माझा पाय त्यांच्या मांडीवर होता, उशीवर नीट ठेवलेला, आणि खड्डा आला की ते तो दोन्ही हातांनी उचलून धरत होते. काय बोलणार अशा माणसाला?

लपणार तरी कसं? हेमलताबाई होत्याच. निवड चाचणीचा दिवस आला आणि गेला. त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरांनीच निरोप धाडला की मला गौरीला बघायचंय, घ्यायला ये. सकाळी अण्णा माझ्या पलंगापाशी येऊन बसले. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत होते.

"जिन्यावरून पडलीस असं सांगू," ते म्हणाले. "त्यांचं वय झालंय. सहन व्हायचं नाही त्यांना."

अण्णांनी माझ्याकडे आजवर स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नव्हतं. मी मान हलवली.

दुपारी ते डॉक्टरांना दंडाला धरून घेऊन आले. आजोबांना पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी माझ्या प्लास्टरवरून हात फिरवला, गुडघ्यापासून बोटांपर्यंत. कशी पडलीस विचारलं. मी जिना सांगितला. मग ते म्हणाले, "माझ्याकडे आलीस तेव्हा हाड धड होतं ना?"

"अगदी धड होतं, डॉक्टर," अण्णा म्हणाले.

आजोबांनी श्वास सोडला. इतका मोठा की मला त्यांची दयाच आली. ह्या भीतीने ते झोपले नसतील. खोटं बोलल्याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. गेलेला पाय गेला, म्हाताऱ्याचा जीव कशाला जाळायचा? काकूने चहा आणला. आजोबांना तरतरी आली, गप्पा सुरू झाल्या.

बोलता बोलता म्हणाले, आपल्या मंडळातल्या रणजीतची मुलगी यशश्रीपण पळते, ठाऊक आहे का? नववीत आहे. शाळेतर्फे राज्याला जाणार आहे. तिचा पाय दुखतोय, तुझ्यासारखाच, वरच्या बाजूला. ह्या गुरुवारी आणली होती. तुला सांगितलं तेच तिला सांगितलं, हळू पळ, लोळत पडू नकोस. तू बरी झालीस की तुमची गाठ घालून देतो, दोघी मिळून पळा.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी अगदी किंचित मान हलवली, नको म्हणून. त्यांचे डोळे भरले होते. मला त्या माणसाची इतकी कीव आली आणि इतका राग आला की कुठलं काय ते मला वेगळं करता येईना. नववीतली पोरगी. ती आत्ता कुठेतरी हळू पळत असणार.

"मी पडले नाही, आजोबा," मी म्हटलं. "कुठल्याच जिन्यावरून पडले नाही. तुमच्याकडे आले तेव्हाच हाड चिरलेलं होतं. मी त्यावर पळत राहिले आणि ते मोडलं. यशश्रीला पळू देऊ नका."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभीच राहिली. कप खाली ठेवायला आजोबांनी हात पुढे केला, टेबल सापडेना, तो अण्णांनी घेतला. मग ते म्हणाले, फिल्म दे. मी उशीजवळच्या पाकिटातून काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरलीच नाही. मांडीवर ठेवली आणि कडेकडेने बोटं फिरवली.

"मला दिसत नाही गं," ते म्हणाले. "मोठं मोठं दिसतं. माणूस आला, दार उघडं आहे, एवढं. ह्यातलं काही दिसत नाही. तुझ्या वेळीही दिसलं नव्हतं. हाताला कळेल असं वाटलं होतं."

मग, कुणाला दोष देतोय असं जराही नाही, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, "दयानंदाला ठाऊक आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोच नेतो मला. मला वाटलं, एक्स-रे त्याने आधी कुणाला तरी दाखवून आणला असेल."

मी अण्णांकडे बघितलं. त्यांच्या हातात तो अर्धा कप तसाच होता. ते नाही म्हणतील, काहीतरी सांगतील, म्हणून मी थांबले.

"रणजीतला फोन लाव," आजोबा म्हणाले. "आत्ता लाव. मी बोलतो."

अण्णा हलले नाहीत. माझ्या प्लास्टरकडे बघत उभे होते.

"मी त्यांना नाही कसं म्हणायचं होतं, गौरी?" ते म्हणाले. खरंच विचारत होते ते, मलाच.

मी हात पुढे केला. अण्णांनी खिशातून फोन काढून दिला, आणि रणजीतकाकांचा नंबर मी लावला.